फिरतीवरचे ढग

विषय : विमानातून आकाशात लेझर सोडण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : आमचे अर्ज, परवानगी कार्यालयाच्या शंका, आमचे खुलासे आणि त्या खुलाशांवरच्या शंका.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, मी निवृत्त कारकून आहे. तरी म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या आमच्या ढगांच्या कचेरीत अजून जातो, कारण या विषयाची फाइल दुसऱ्या कुणाला लागत नाही. कचेरीत किस्से जळमटांसारखे साठतात. मुद्दाम कुणी काही करत नाही. काम एका जागी थांबलं की आपोआप धरतात. आमचं काम बऱ्यापैकी थांबलेलं आहे.

आमच्या प्रमुख डॉ. वैशाली गोखले, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी एक यंत्र बनवलंय. ते छोट्या विमानात बसतं, छतातल्या काचेतून वर लेझर मारतं आणि उंचावरच्या ढगांवरून, धुळीवरून परतणारा उजेड पकडतं. परतायला किती वेळ लागला, त्यावरून उंची कळते. विमान मात्र उसनं आहे, वर्षअखेरीस परत जाणार. तोवर परवानगी आली तर उड्डाण. नाही तर यंत्र खोक्यात आणि मॅडमची एवढ्या वर्षांची मेहनतही.

"होईल ना हो मॅडम?" असं विचारलं की उत्तर एकच : "उडणार, राव काका!"

* * *

आमचा ड्रायव्हर बसवराजू कृष्णराजनगरचा. घरी भातशेती, त्यामुळे ढगांशी त्याचा संबंध आमच्यापेक्षा जवळचा.

एकदा गाडीत त्यानं विचारलं, "मॅडम, तुमचे ढग पाऊस किती देतात?"

"देत नाहीत. बर्फाच्या कणांचे असतात ते. फार उंच, फार पातळ. कधी कधी खालून दिसतसुद्धा नाहीत."

"सावली तरी?"

"नावापुरती. उलट जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत. अडवून धरतात."

बसवराजूनं शांतपणे गिअर बदलला.

"गोत्तायतु मॅडम, कळलं! हेड ऑफिस!"

* * *

यंत्र ओझोनही मोजतं. त्यासाठी दोन किरण लागतात. एक ओझोन शोषून घेतो, दुसऱ्याला तो फारसा हात लावत नाही. दोन्हींतला फरक म्हणजे ओझोन.

ऑडिटला आलेल्या साहेबांनी शेरा मारला : 'जो किरण वाटेतच नाहीसा होतो, त्याची खरेदी समर्थनीय नाही.'

मॅडम त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "साहेब, घरात एका ताटलीत म्हैसूरपाक ठेवा, दुसरीत कारल्याची भाजी. संध्याकाळी म्हैसूरपाक किती उडाला, त्यावरून घरात पोरं किती होती ते कळतं की नाही?"

"कळतं. पण मग कारलं कशाला?"

"ताटल्या मांजरानं तर सांडल्या नाहीत ना, हे कळायला! सांडल्या असत्या तर कारलंही गेलं असतं."

साहेबांनी बराच विचार केला. मग जुन्या शेऱ्याखाली नवा शेरा लिहिला : 'कारल्याचे प्रयोजन मान्य.'

* * *

आयुधपूजेच्या दिवशी म्हैसुरात सायकलीपासून बुलडोझरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. विमानाला का नाही?

पूजेची व्यवस्था आमच्या इंजिनियरकडे, सतीश शिंदेकडे. घर विजयनगरच्या नव्या वस्तीत, पण कुटुंब कित्येक पिढ्या म्हैसूरचं. त्यामुळे मराठीत कन्नडचा सढळ हात. मॅडमनी बजावलं, "सतीश, काचेवर कुंकू नको हं!"

"सुम्ने, उगाच टेन्शन घेऊ नका मॅडम. काचेला कोण हात लावतंय बघतो!"

हात कुणी लावला नाही. फक्त जमिनीवरच्या चाचणीसाठी सुरू केलेलं यंत्र बंद करायचं राहिलं. चाचणीपुरती परवानगी होती, म्हणून विमान हँगरच्या दारात, मोकळ्या आभाळाखाली उभं होतं.

थोड्या वेळानं पडद्यापाशी बसलेला सतीश ओरडला, "मॅडम, या या! कणांचा थर आलाय! एकदम दाट!"

मॅडम धावल्या. थर खरंच होता. मध्येच नाहीसा व्हायचा, पुन्हा यायचा.

"घाटावरनं आलेली धूळ असंल," सतीश म्हणाला.

मॅडमनी मान वळवून बाहेर पाहिलं. भटजी उदबत्त्यांचा जुडगा उंच धरून विमानाला प्रदक्षिणा घालत होते.

"उत्तम!" मॅडम म्हणाल्या. "यंत्र चोख चालतंय. नोंद करा."

"आणि थराचा उगम काय लिहू?"

"भटजी!"

* * *

मग परवानगीच्या कार्यालयाची शंका आली : 'ज्या ढगांवर लेझर सोडणार, ते कोणत्या जिल्ह्याच्या हद्दीत आहेत ते कळवावे.'

मॅडमनी वाऱ्याचे नकाशे जोडून सविस्तर उत्तर तयार केलं. मी ते बाजूला ठेवलं. म्हटलं, कार्यालयाला कार्यालयाच्या भाषेत समजतं. आणि एका ओळीत लिहून पाठवलं :

'सदर ढग कायम फिरतीवर असून त्यांना मुख्यालय नाही.'

शंका मागे घेतली गेली!

* * *

शेवटी तपासणीला त्याच कार्यालयाचे अधिकारी आले. विमानाभोवती फिरले, काच पाहिली, मग आभाळाकडे पाहिलं.

"सुरू करा."

"सुरू आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

"किरण कुठाय?"

"तो डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या विमानातल्या वैमानिकांना अपाय होऊ नये, म्हणून मुद्दाम असा निवडलाय."

"आवाज?"

"नाही."

"मग मी तपासू काय? जे दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला परवानगी कसली द्यायची?"

सतीशनं माझा दंड धरला. मॅडमचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे परवानगी लागत नाही?"

"असं मी कुठं म्हटलं?" अधिकारी सावध झाले. "लागत नाही असं लेखी पाहिजे असेल, तर तसा वेगळा अर्ज करा."

मॅडमनी तिथंच, विमानाच्या पंखावर कागद ठेवून अर्ज लिहिला. परवानगी लागत नसल्याचं प्रमाणपत्र मिळण्याबाबत. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हा प्रकार नवीन आहे. असं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार आम्हाला आहे का, ते आधी वर विचारावं लागेल."

त्यांनी वर विचारलं आहे. यंत्र विमानात बसवलेलं आहे, विमान हँगरमध्ये आहे. अर्ज विचाराधीन आहे.