शकूकाकूंचं ग्रीटिंग

शकूकाकू चहा उभ्यानेच प्यायच्या. एका हातात कप आणि दुसऱ्या हाताने ओटा पुसणं चाललेलं. मस्तगड भागात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. तीस वर्षं अंगणवाडीतल्या पोरांमागे धावून त्या निवृत्त झालेल्या, काका आधीच गेलेले, मुलगा पुण्याला. आता जरा आराम करा, असं कुणी म्हटलं की त्या चिडायच्या. "तुम्ही काय आराम करून राह्यले, मला दाखवा बरं एकदा," म्हणायच्या.

अशा बाईने हाताने ग्रीटिंग करायला घ्यावं, याचंच मला नवल वाटलं. त्या कामाला बैठक लागते आणि काकूंकडे नेमकी तीच नव्हती. मुलीच्या वाढदिवसासाठी मी एक करत होते, मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत, आणि मलाही ते धड येत नव्हतं. काकू आत आल्या, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "मला बी शिकव. राखीच्या आत झालं पाहिजे. आण्णाला पाठवायचंय."

आण्णा म्हणजे त्यांचे हसनाबादचे थोरले भाऊ. अकरा वर्षांपूर्वी ते वडिलांच्या शेताचं हक्कसोडपत्र घेऊन आले होते. बाकीच्या दोघी बहिणींनी सह्या केल्या, काकूंनी केली नाही. "वावर नकोच होतं मला," त्या सांगायच्या. "पण आण्णा दारातनं आल्ता तोच पेनाचं टोपण काढून. शके, तुझ्या मनात काय हाय, एवढं तरी विचारावं का न्हाई?" त्या दिवसापासून भावाने बोलणं तोडलं, माहेरचं बोलावणं बंद झालं. पहिल्या वर्षी टपालाने पाठवलेली राखी तशीच परत आली. हसनाबाद काही परदेशात नाही, सकाळी निघालं तर जेवायला पोचता येतं. पण बोलावल्याशिवाय जाणाऱ्यातल्या काकू नव्हत्या. माहेरचा विषय निघाला की त्या नुसत्या या खोलीतून त्या खोलीत जात राहायच्या.

आमची शिकवणी सुरू झाली. कार्डशीट मधोमध दुमडायची, तर काकूंची घडी हमखास तिरकी. डिंक वाळू द्यावा लागतो, हे मी शंभरदा सांगितलं. "वाळतंय की जाता जाता," म्हणत त्या पुढचं फूल चिकटवायच्या, आणि आधीचं फूल त्यांच्या बोटाला चिकटून निघून यायचं. पहिल्या तीन ग्रीटिंगांवर फुलांपेक्षा बोटांचे ठसेच जास्त होते. मी वैतागायचे. खरं सांगायचं तर त्यांच्याशेजारी बसलं की मलाही बसवेनासं व्हायचं.

चौथं जमलं. पिवळ्या शीटवर कपाशीचं बोंड काढलं आणि त्यात खरा कापूस लावला. आत काय लिहायचं यावर आठ दिवस गेले. रोज नवा मजकूर, रोज तो फाडायचा. शेवटी त्यांनी आपल्या घाईच्या अक्षरात एवढंच लिहिलं, 'आण्णा, मला माहेरी यावं वाटतं. शकी.'

पाकीटही घरीच केलं आणि ते आखूड पडलं. ग्रीटिंगचा एक कोपरा बाहेर डोकावायला लागला. "दुसरं करू," मी म्हणाले. "आता कोण बसतंय! पोस्ट बंद होईल," असं म्हणून त्यांनी पाकिटासकट तो कोपरा कात्रीने उडवला आणि उघड्या जागी चिकटपट्टी लावली. पत्ता मी लिहिला. मागे त्यांचं नाव आणि पत्ता, तेही माझ्याच अक्षरात. काकू पोस्टात जवळजवळ पळतच गेल्या.

त्यानंतरचे तीन दिवस त्यांनी मला भंडावून सोडलं. पोचलं असेल का? फोडलं असेल का? परत येईल का?

चौथ्या दिवशी रिक्षातून धोतर-टोपीतले एक म्हातारे उतरले. काकूंच्या दारात कुणीच नाही हे पाहून गोंधळले. आमच्या दारातल्या ओट्यावर उभ्या असलेल्या मला त्यांनी विचारलं, "उरकलं का सगळं? म्या शकीचा भाऊ."

मला काही कळेना. त्यांच्या हातात आमचं पाकीट होतं, न फोडलेलं. "कोपरा कापलेलं पत्र आलं, अक्षर परक्याचं. उघडायचा धीर झाला न्हाई. फोन लावला, कोणी उचलंना. मंग जसा होतो तसा निघालो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुणी गेल्याचं कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची जुनी रीत. मी ती फक्त ऐकून होते. काकूंना चांगली ठाऊक होती, पण घाईत त्यांच्याही लक्षात आलं नाही. आणि त्यांचा फोन नेहमीसारखा कागदांच्या ढिगात पडला असणार. मला फार शरम वाटली.

आमचं बोलणं ऐकून काकू कात्री हातात घेऊनच बाहेर आल्या. आण्णांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि ते पायरीवर बसले.

"मेल्यावर आलास व्हय," काकू म्हणाल्या. "जित्तेपणी अकरा वर्षं सुचलं न्हाई तुला."

 आण्णांनी पाकीट फाडलं, ग्रीटिंग डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि लहान पोरासारखे रडले. मग धोतराच्या सोग्याने नाक पुसत म्हणाले, "दिवाळीला ये शके. गाडी पाठवतो."

"सही केल्याबिगर?"

"जळो ती सही."

काकू आत गेल्या. मला वाटलं, पाणी आणायला. पाहते तर पिशवीत साड्या कोंबत होत्या. "दिवाळी कुणी पाह्यली? मी आत्ताच येऊन राह्यले," त्या आतूनच ओरडल्या. आण्णांना घोटभर चहासुद्धा मिळाला नाही.

राखी तिथेच बांधून त्या पंधरा दिवसांनी परत आल्या, आणि दसऱ्याच्या आधी एका पहाटे झोपेतच गेल्या. पलीकडच्या घरातली धडपड थांबली, ती शांतता मला अजून सोसत नाही. आण्णांना फोन मीच केला. कधी गेली, एवढं त्यांनी विचारलं.

मग म्हणाले, "दिवाळीला ये म्हणल्तो मी तिला. बरं झालं, ऐकलं न्हाई माझं."