कॅमेऱ्याकडे पाठ

वर्ना स्ट्रॅडली कॅन्ससहून हॉलिवूडला आली ती नटी व्हायला, आणि झाली पडद्यावरच्या गर्दीतली बाई. त्या गर्दीची रीतही उफराटी. चेहरा एकदा पडद्यावर नीट आला की त्या चित्रपटातलं काम संपलं. हॉटेलात दिसलेली बाई पुन्हा कोर्टात कशी बसवणार? म्हणून पोटामागे लागलेली माणसं कॅमेरा वळला की मान फिरवत. ही विद्या वर्नाला दिली इर्मा पोलॅकनं, याच धंद्यात मुरलेल्या थोराड बाईनं.

"तोंड दाखवायची हौस आरशात भागव, पोरी," इर्मा म्हणायची. "इथं पाठ दाखव आणि उद्याही ये."

वर्ना उद्याही गेली आणि तारुण्य तिथंच संपलं. गावाकडे आई प्रत्येक चित्रपट बघायची. वर्ना फोनवर सांगायची, पिसांची टोपी घातलेली पाठमोरी होती ना, ती मी. ओळखलं, असं आई म्हणायची. बिचारी धादांत खोटं बोलायची.

अडतिसाव्या वर्षी नशीब उघडल्यासारखं झालं. नर्सचं काम करणारी मुलगी आजारी पडली आणि दिग्दर्शकानं वर्नाकडे बोट दाखवलं. वाक्य एकच: "डॉक्टर, त्या गेल्या." पण जमलं तर पुढे बोलकी कामं मिळणार होती, आणि या वयात पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. तिनं जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"आई, या खेपेला माझं तोंड दिसणार."

दिवे लागले. वर्ना दारातून आली, वाक्य स्वच्छ बोलली आणि बोलता बोलता भिंतीकडे वळली. दिग्दर्शकानं समजावलं. ती पुन्हा वळली. मग मान ताठ धरली, तर हातच टोपी सावरायला वर गेला आणि चेहरा झाकला. तिला रडू फुटलं. इतकी वर्षं घोटलेलं अंग आता तिचं ऐकेना.

कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

"आवाज छान आहे बाईंचा," दिग्दर्शक म्हणाला. "पाठमोरीच राहू दे."

चित्रपट कॅन्ससला लागला तेव्हा आईचा फोन आला. तिनं शेजारणींनाही नेलं होतं.

"अगं, तुझा भाग कापला की काय त्यांनी? एक नर्स होती, आवाज थेट तुझा. क्षणभर वाटलं, तूच. पण तिचं तोंड कुठं दिसलं? म्हणजे तू नव्हेस."

"नाही आई," वर्ना म्हणाली. "मी नव्हतेच."