गिटारवरची खोक

आमच्या घरी लोक येतात, चपला काढतात, पाणीसुद्धा न पिता आतल्या खोलीत शिरतात आणि गिटारवरच्या खोकेत बोट घालतात. बोट घातलं की डोळे मिटतात. देवळातल्या दगडी कासवालासुद्धा कोणी इतक्या भक्तीनं हात लावत नाही. मी दारात उभी राहून बघते. मला कोणी विचारत नाही, कारण मी 'काकू'. काकूंचं काम सरबत देणं.

आमचे हे गिटार वाजवतात. उभी हयात ऑर्केस्ट्रात काढली, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम केले, लग्नांची रिसेप्शन्स वाजवली. तोवर नारायण पेठेत यांना ओळखणारे दोघंच, एक मी आणि दुसरा इस्त्रीवाला. केस पांढरे झाल्यावर एका बँडमधल्या पोरांनी यांना बरोबर घेतलं, त्यांचे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले आणि म्हातारा रातोरात 'लेजंड' झाला. मग एक गिटार कंपनी आली. म्हणाली, सर, तुमच्या नावाचं मॉडेल काढू. मोजक्याच गिटारी, प्रत्येकीवर तुमची सही, आणि तुमची जुनी गिटार जशी झिजली आहे तश्शीच त्यांची झीज. रंग जिथे उडाला तिथे रंग उडवायचा, चरा तिथे चरा, आणि खालच्या अंगाला ती सुपारीएवढी खोक आहे, ती मशीननं मापून हुबेहूब पाडायची. नवी वस्तू मुद्दाम खराब करून जास्त भावानं विकायची. शहाण्यांचं जग आहे, आपण काय बोलणार.

ती खोक मी पाडली आहे. पितळी बत्त्यानं. आणि मला त्याचा तिळमात्र पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवायला नको.

गिटार मुळात माझ्या बाबांनी दिलेली. बाबांचं बुधवार पेठेत रेडिओ आणि अँप्लिफायरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, वर राहायची जागा. मी एकुलती एक, त्यामुळे शाळा सुटली की दुकानात. यांची-माझी ओळख तिथलीच. अँप्लिफायर जळाला म्हणून आले आणि दर आठवड्याला जाळून आणायला लागले. बाबांना सगळं कळत होतं. लग्न लावून दिलं. दिवाळसणाला जावयाला अंगठी देतात, नाहीतर घड्याळ. बाबांनी मुंबईहून ही मरून रंगाची इलेक्ट्रिक गिटार मागवून दिली. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. बाबा म्हणाले, अंगठी घालून मिरवेल, ही वाजवून दाखवेल.

पुढे बाबा आजारी पडले ते ऐन गणपतीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता काही खरं नाही. यांचे सांगलीकडे लागोपाठ दोन कार्यक्रम होते. पहिला करून येतो, दुसऱ्याला बदली माणूस बघतो म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. शुद्ध हरपण्याआधी मला विचारत होते, जावई आले का? मी म्हटलं, निघालेत. कोण निघालं होतं! दुपारी यांना निरोप पोचला. गाडी पकडली असती तर संध्याकाळी पुण्यात. आम्ही दिवस मावळेपर्यंत बाबांना ठेवलं, लोक घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. शेवटी वैकुंठ स्मशानात नेलं आणि मी अग्नी दिला. त्या वेळी आमचे हे स्टेजवर होते.

त्यांची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. गिटारवाला नसेल तर कार्यक्रम उभा राहत नाही, मंडळवाले खुर्च्या फेकतात, बाकीच्यांच्या पोटावर पाय येतो. हे सगळं खरं आहे. तेव्हाही मला ते कळत होतं. माझा राग त्या कार्यक्रमावर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी हे थेट बाबांच्या घरी आले. घरात माणसं बसलेली. पेटी पलंगावर ठेवली, उघडली, खिशातून फडकं काढलं आणि गिटारच्या तारा पुसायला लागले. पावसाळी हवेत तारा गंजतात म्हणून वाजवून झालं की पुसायची यांची सवय. सवय ती सवय. माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीशी लावलेल्या दिव्याकडे बघितलं नाही. एक तार पुसली, दुसरी पुसली. मावशी ओट्याशी चहासाठी आलं ठेचत होती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तिच्या हातातला बत्ता घेतला, बाहेर आले आणि घातला.

लाकडाचा ढलपा उडून पलंगाखाली गेला. मला वाटलं, आता हे माझ्यावर हात उचलतील. तर फडकं घडी करून खिशात ठेवलं, पेटी बंद केली आणि दिव्यापाशी जाऊन बसले. त्यानंतर त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांनी माफी मागितली नाही, मी मागायची तर प्रश्नच नव्हता.

पण त्यांनी ती खोक बुजवली नाही. वाद्यांच्या दुकानवाल्यांनी सांगितलं, ऑर्केस्ट्रातल्यांनी सांगितलं, अहो, बुजवून घ्या, वाईट दिसतं. हे नुसतं हं म्हणायचे. वर्षानुवर्षं तशीच गिटार गळ्यात घालून उभे राहिले. आणि मी, मूर्ख बाई, मनाशी समजूत घालून घेतली की हा माणूस बोलायचा नाही, पण त्याला माहीत आहे. ज्याला तोंडानं चुकलो म्हणता येत नाही तो ते असं अंगावर बाळगतो. संसाराला तेवढं पुरलं. एवढ्याशा माफीवर मी यांच्यासाठी पोळ्या लाटल्या, यांचं पथ्यपाणी बघितलं, यांच्या आईचं सगळं केलं.

मग त्या सहीच्या गिटारीचा समारंभ झाला. मोठं हॉटेल, गारठवणारा एसी. मी पहिल्या रांगेत. कंपनीच्या पोरानं माईकवर विचारलं, सर, या फेमस डेंटची स्टोरी काय? वाटलं, आता बोलतील. नाव नाही घेणार माझं, पण बोलतील. आमच्या ह्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की एका गावात कार्यक्रम चालू असताना दंगा झाला, दगड आला, तो गिटारवर झेलला आणि वाजवणं थांबवलं नाही. टाळ्या! माझ्या शेजारची मुलगी तर डोळे पुसत होती.

रिक्षात मी विचारलं, हा दगड कुठून आला?

"अगं, लोकांना असलंच काहीतरी लागतं," हे म्हणाले. "खरं सांगून घराची शोभा करू का?"

"शोभा कोणाची होते, ते सांगा की."

यावर रिक्षावाल्याला म्हणाले, पुढून डावीकडे घ्या.

त्या दिवसापासून तो दगड वाढत गेला. आधी एक होता, मग दोन झाले. मग लाठीमार झाला. बाणेरच्या एका गृहस्थांना सांगताना तर यांनी मागे उभ्या असलेल्या एका लहान मुलीलाही वाचवलं. पराचा कावळा म्हणतात, इथे तर अख्खा थवाच. हे बाणेरचे गृहस्थ म्हणजे संग्राहक. यांच्या नावाची गिटार घेतली होती आणि सोबत पांढरे हातमोजे आणायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही वाजवता का? म्हणाले, नाही काकू, इन्व्हेस्टमेंट आहे, वाजवली की व्हॅल्यू जाते. म्हटलं, मग सोनं घ्यायचं होतं, त्याला ताराही बदलाव्या लागत नाहीत. ते हसले. त्यांना वाटलं काकू विनोदी आहेत.

मला हसू येत नव्हतं. माझ्या गाठीला या संसारातली एकच माफी होती, तीही न बोललेली, आणि ही माणसं ती काढून तिथे दगड बसवत होती. आणि हातभार कोणाचा? ज्यानं दिली त्याचाच.

यंदा ठरलं की ज्यांच्याकडे त्या गिटारी आहेत ते सगळे जमणार, प्रदर्शन मांडणार, आणि मधोमध यांची मूळ गिटार काचेत ठेवणार. खाली पाटी, त्यावर दगडाची हकीकत. बाणेरकर ती छापायला देण्याआधी वाचून दाखवायला आले होते. ते गेल्यावर मी यांना समोर बसवलं. म्हटलं, लोकांना काय सांगायचं ते सांगा, मला देणंघेणं नाही. फक्त मला एकदा सांगा. इथे, या खुर्चीत बसून, माझ्याकडे बघून सांगा की ती खोक कशाची आहे. एक वाक्य. मग खुशाल काचेत ठेवा.

"उगाच जुनं उकरू नकोस," म्हणाले आणि पेपर उघडला.

ठीक. नाही ना, मग नाही.

हे चार दिवस बँडबरोबर बंगळुरूला गेले. करारामुळे आता कंपनीचीच गिटार न्यावी लागते, त्यामुळे जुनी घरी. बाबांच्या दुकानात जुन्या रेडिओंच्या लाकडी पेट्या यायच्या, कोपरे गेलेल्या, टवके उडालेल्या. त्यांना लांबी भरून, घासून, रंग देऊन नव्यासारखं करायचं काम माझ्याकडे असायचं. हात विसरत नाहीत. डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरली, गिटार आडवी ठेवली आणि खोकेत लांबी भरली. वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासली. मरून रंग जुळवायला वेळ लागला, पहिला फार लाल आला, तो पुसून परत केला. पुट, मग वाळवणं, मग पुन्हा पुट. शेवटी हात फिरवला तर जागा सापडेना. मी फार चांगलं काम करते, हे कोणी म्हटलं नाही तरी.

हे परत आले त्याच दिवशी बाणेरकर गिटार न्यायला हजर. हातमोजे घातले, पेटी उघडली आणि बघतच राहिले. गिटार उलटी केली, सुलटी केली, खिडकीपाशी नेली.

"सर, खोक कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आमचे हे तोंड धुऊन बाहेर येत होते, तसेच टॉवेल घेऊन थबकले. बाणेरकरांचा आवाज चढला. म्हणाले, सर, माझ्या गिटारवर खोक आहे, सगळ्यांच्या गिटारींवर आहे आणि ओरिजिनलवर नाही? लोक म्हणतील हीच ड्युप्लिकेट. मी म्हटलं, बरोबरच आहे त्यांचं. खोक माझी होती, मी परत घेतली. दगडाच्या खोकेच्या गिटारी तुमच्याकडे आहेत की, त्या मांडा. त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही सरबताचा पेलाच बोलायला लागला. मग हातमोजे काढले, खिशात कोंबले, कंपनीशी बोलून कळवतो म्हणाले आणि जिना उतरून गेले. पाणी तेव्हाही प्यायले नाहीत.

आम्ही दोघंच उरलो. मी भांडणाच्या तयारीत, पदर खोचून. हे पलंगाच्या कडेला बसले आणि गिटार मांडीवर घेतली. बोटं त्या जागेवरून फिरवली. एकदा, पुन्हा एकदा, जरा खाली, जरा वर. नखानं चाचपून बघितलं.

"हे काय केलंस तू?" आवाज अगदी बारीक. "बाबा गेले आणि मी आलो नाही, त्याची होती ती."

इतकी वर्षं या एका वाक्यासाठी मी कान लावून बसले होते. आलं ते वाक्य, आणि ज्या जागेनं ते इतके दिवस सांभाळलं ती जागा मी माझ्या हातांनी सपाट करून टाकली होती. बुजवायला नको होती, असंही वाटून गेलं, आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटलं.

नाही बसले. म्हटलं, हेच मी मागच्या आठवड्यात विचारलं होतं, तेव्हा पेपर वाचत होतात. त्यांनी मान वर केली नाही. बोटं अजून तिथेच शोधत होती. वाईट मलाही वाटत होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि आजतागायत सांगितलेलं नाही. मी जशी वाट बघितली तशी आता त्यांना बघू दे.