साध्या पाण्याची टाकी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्यासोबत पत्रकं वाटते त्या पोरांना तर नाहीच. सांगायला बसले की दुसरंच काहीतरी बोलून उठते. आजही तसंच होईल का?

आधी माशांचं सांगते. एका माशाची कातडी फाटली की तिच्यातलं काहीतरी पाण्यात उतरतं. आपल्याला दिसत नाही. बाकीच्या माशांना मात्र कळतं — तळाला जातात, एकमेकांना चिकटतात, गोठून राहतात. सोलापुरात एमएस्सीला असताना मी आणि सुवर्णा यावरच काम करत होतो. दोघींच्या दोन-दोन टाक्या. एका टाकीत फाटलेली कातडी भिजवलेलं, कातडीचं पाणी ओतायचं, दुसरीत साधं. साध्या पाण्यानंच मासे बिथरले तर सगळं काम फुकट.

सुवर्णाचे कधी बिथरायचे नाहीत. तिचे वडील, नाना, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या सुताला रंग द्यायचे. घरी तेलुगू; कॉलेजात ती फारशी बोलायचीच नाही. आणि मी? मोर्चात माइक माझ्या हातात. पण सर सगळ्यांना तिची टाकी दाखवायचे. मला म्हणायचे, "भाषण ऐकून मासे शांत होत नाहीत, बाई." सगळे हसायचे. ती हसायची नाही — त्याचा तर जास्तच राग यायचा. तिनं एकदा चुकावं, इतकंच वाटायचं. इतकंच? नाही. तिनं तिथं नसावंच, असं वाटायचं.

एका दुपारी ती डबा खायला गेली. तिनं भरून ठेवलेल्या साध्या पाण्याच्या बाटलीत मी थोडं कातडीचं पाणी मिसळलं. ती आली, तिनं ओतलं — मासे तळाला.

"साध्या पाण्याला भ्यायला लागले की गं!" आधी ती हसली. पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

मग बेसिनपाशी तिनं दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. "खरं सांग, रंगाचा वास येतोय का? नानांचे कपडे मीच धुते की."

साबणाचा वास येत होता. फक्त साबणाचा.

मी आजोबांनी जपलेली पत्रकं वाचत वाढले. आमच्या माणसांचा हात लागला की पाणी बाटतं म्हणणाऱ्यांविरुद्धची पत्रकं. त्यावर मी भाषणं केली आहेत. आणि मी तिचे हात हुंगले, म्हणाले, "येतोय थोडा. तोच पाण्यात उतरत असेल."

ती लिंबानं हात घासायला लागली. लाल होईपर्यंत. मी शेजारी उभी राहून बघायचे. मग तिनं पाण्याला हात लावणंच सोडलं. म्हणायची, "तूच ओत की माझं." मी ओतायचे — आता खरंच साधं पाणी. मासे शांत राहायचे. तिची खात्रीच पटली.

माझ्या हातानं होत नाही, असं तिनं सरांना स्वतःच सांगितलं आणि काम सोडलं. तिच्या टाक्या सरांनी मला दिल्या.

मी घेतल्या.