पुष्पानं आपलंच लग्न उडवलं

घाटंजीच्या बसस्टँडमागं माह्यं शिलाईचं दुकान, अन् त्याले लागून पुष्पाचा फोटो स्टुडिओ. मधात नुसता पत्रा. त्यामुळं तिच्याकडचं मले समदं ऐकू येते, अन् जे ऐकू येत नाही ते ती येऊन सांगते.

स्टुडिओ तिच्या नवऱ्याचा, अमरसिंगचा. लग्नसराईत शूटिंग, बाकी दिवस वावरात कपाशीची पऱ्हाटी. बोंडअळीच्या त्या साली फवारणी करता करता विष अंगात भिनलं, अन् दवाखान्यात गेला तो गेलाच. असे कितीक गेले त्या साली, बाप्पा! वर्ष सरलं अन् सासूनं, रामीबाईनं, पुष्पाचा धाकट्या दिराशी पाट लावला. सून घरात राह्यली, लेकरू घरात राह्यलं, बंजाऱ्यायचा अख्खा तांडा खुश. पुष्पाले कोणी इचारलं का? नाव नका घेऊ.

अन् खरं सांगू? हा दीर, प्रेम, वाईट असता तं बरं झालं असतं. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. पोट्टा दारूले शिवत नाही, भावाच्या जागी शूटिंगले जाते, लेकराले जीव लावते. आता याची तक्रार कोणाजवळ करावी?

मागच्या उन्हाळ्यात लॅपटॉप भरला. लाल पट्टी आली, नेरच्या लग्नाचं शूटिंग उतरेच ना. प्रेम म्हणे, "जुन्या लग्नांचं कच्चं शूटिंग उडव. लोकं आपापली सीडी घेऊन गेले, आपण कायले सांभाळाचं?"

पुष्पा बसली, पण उडवेना काहीच. मी चहा घेऊन गेली तं कानाले हेडफोन लावून, केळापूरचं कोणाचं तरी लग्न पाहत रडून राह्यली होती. "काहून वं?" म्हटलं, तं तिनं हेडफोन माह्या कानाले लावला.

अमरसिंग! कॅमेऱ्यामागून बोलत होता. "मामा, जरासक सरका. नवरीबाई, हासा ना, जेवल्या नाही का? याडी, इकडं पाह्य ना इकडं!" याडी म्हणजे आई. गावातली असो का तांड्यातली, कोण्याही म्हातारीले तो याडीच म्हणे. सीडी बनवताना हे बोलणं काढून गाणे टाकत. म्हणून त्याचा आवाज होता तो फक्त लोकांच्या लग्नाच्या कच्च्या शूटिंगात.

"अन् तुह्या लग्नात?" मी इचारलं.

"तिथं तं तो नवरदेव. गुमान बसला हाये, वरून गाणे."

मंग तिनं आपलंच लग्न उडवलं. कच्चं-पक्कं समदं. जागा झाली, नेरचं लग्न उतरलं.

प्रेमनं ते पाह्यलं अन् भलताच अर्थ लावला. त्याले वाटलं, बाईनं मागचं सोडलं, आता ती आपली झाली. पत्र्यापल्याड तो म्हणत होता, "माह्यासाठी एवढं केलं तू?" पुष्पा सांगणार तरी काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

पुढं ती माहेरी गेलती. आली तं लॅपटॉप अर्धा रिकामा. प्रेम खुशीत. "तुले तरास नको म्हणून मीच बसलो. एकही लग्न उडवलं नाही बरं का! समद्यायले गाणे लावून लहान केलं. कच्चं तेवढं काढलं, त्यात नुसती बोंबाबोंब. कचरापेटीबी साफ केली. खुश ना?"

"हो," म्हणे पुष्पा.

मी इकडं मशीनवर कैची आपटली. एवढा राग आला का प्रेमचा गळा धरावा, पण त्याचं चुकलं काय ते मले सांगता येईना.

सांजच्याले ती ब्लाऊजचं निमित्त काढून आली. रडली नाही. म्हणे, "ममताबाई, प्रेमबी कॅमेऱ्यामागून तसंच बोलते. भावाजवळूनच शिकला. आता मी त्याचा आवाज आठवाले गेली, तं प्रेमचाच येते."