जिला काकू म्हणायचं ठरलं होतं

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. "ताई, काकू गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची ती खरीच काकू, माझी आई. पण मीही तिला जन्मभर काकूच म्हणत आले, त्यामुळे क्षणभर आम्ही दोघं एकाच नात्यानं रडलो... महिना उलटून गेला, तरी ते मनातून जात नाही.

माझ्याआधीची तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. मी जन्मले तशी तिनं मला शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या सोनाबाईच्या ओटीत टाकलं आणि सूपभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं. शिरड शहापूरच्या बाजूला आमच्यात असं करतात. लेकरू दुसऱ्याचं झालं की सटवीची नजर त्याच्यावरून उठते म्हणे. बाकीच्या बाया एवढं करून विसरून जातात. काकू विसरली नाही. मला बोलता यायला लागलं तसा तिनं 'आई' हा शब्दच घराबाहेर काढला. तांड्यावर आईला याडी म्हणतात. सोनाबाईला मी याडी म्हणायचे आणि ती चारचौघांत माझे मुके घ्यायची. मी घरी येऊन भांडायचे, "तुला आई काहून म्हणायचं न्हाई?" काकू भाकरी थापता थापता म्हणायची, "मी तुही काकू हाय. जा, खेळ जाय."

शाळेत पहिली आले तरी तिचं आपलं एकच, "कशाची हुशार, वाळून चालली मेली." मला भयंकर राग यायचा. पण उन्हाळ्यात, हळद शिजवायच्या दिवसांत, दुपारी माझा डोळा लागला की एक हात यायचा. कपाळावरून हनुवटीपर्यंत हळूहळू उतरायचा. खरखरीत, गरम, ओल्या हळदीच्या वासाचा. डोळे उघडले की समोर नुसता पिवळा उजेड आणि अंगणात चुलाणाचा धूर... तो हात खरा किती आणि स्वप्नातला किती, हे मला आजही सांगता येणार नाही. मी डोळे मिटून पडून राहायला शिकले. माया हवी असेल तर झोपेचं सोंग घ्यावं लागतं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं की लग्नानंतर नवऱ्याकडं साधं 'जवळ बस' म्हणायलाही मला वर्षं लागली.

नव्वदच्या दशकात डी.एड. करताना मानसशास्त्राच्या तासाला बाई शिकवत होत्या, की आईनं जवळ घेतलं तर मूल निर्धास्त होतं. मी वही मिटून खिडकीबाहेर पाहत बसले. आणि आईला कुणी जवळ घ्यायचं, हा प्रश्न तेव्हा मला सुचलाच नाही. तो सुचला माझी मुलगी झाली तेव्हा. काकू दवाखान्यात आली, दारातच उभी राहिली. बाळाकडं बघेना. "हिला कुणाच्या तरी ओटीत टाक गं बाई," म्हणाली. मी म्हटलं, "न्हाई टाकणार. माझी हाय, माझीच ऱ्हाईल." ती दाराची चौकट धरून खाली बसली. ही बाई कोरडी नाही, घाबरलेली आहे, इतकी वर्षं घाबरलेलीच आहे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझा राग कुठं गेला तेही कळलं नाही.

ती जायच्या आदल्या आठवड्यात मी गावी गेले होते. मागच्या खोलीत तिला पेज भरवत होते. दुपार होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आई..." तिनं दाराकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

"हळू. कुणी आयकंल."

"आता कोण आयकतंय? केस पिकले माझे."

तिनं मान भिंतीकडं वळवली. झोपली असं वाटून मी वाटी खाली ठेवली, तेव्हा पुटपुटली, "अजून एक डाव म्हण... पण हळू." मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

तेराव्याला पंगती उठल्यावर मी त्या खोलीत जाऊन बसले. बाज उभी करून ठेवली होती. मला कळायच्या आत तोंडून हाक गेली, चांगली मोठ्यानं. माझी मुलगी धावत आली, "कुणाला बोलावून राहिलीस गं?" ओसरीवर बाया पान खात बसल्या होत्या, त्यांचंही बोलणं थांबलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या आईला."