कवळी परत मागवली तेव्हा

मास्कच्या कडेने हवा फुर्र करून निघून जात होती आणि आजोबांची छाती हलत नव्हती. आर्वीच्या एका खासगी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन होतं. नव्वदच्या दशकात मी वर्ध्याहून एसटीने तिथे भूल द्यायला जायची. पेशंट असलेले हे आजोबा रोहण्याचे किराणा दुकानदार.

भूल आणि स्नायू ढिले करायचं औषध दिलं की माणसाचा श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत आम्ही नाकातोंडावर मास्क धरून रबरी बॅगने श्वास देतो. पहिल्या प्रयत्नात नळी बसली नाही, म्हणून पुन्हा मास्क धरला. पण आजोबांची कवळी वॉर्डातच नियमाप्रमाणे काढून ठेवलेली. गाल आत गेलेले. मास्क टेकणार कशावर?

सर्जनसाहेब दवाखान्याचे मालक आणि स्वभावाने घायकुते. "मॅडम, जोरात दाबा ना," म्हणत त्यांनी बॅग स्वतःच घेतली आणि ताकदीने दाबली. छाती ढिम्म, पोट मात्र टम्म फुगलं. जास्त दाबलं की हवा अन्ननलिकेतून पोटात शिरते. तिथलं आंबट पाणी उलटून फुप्फुसात गेलं, तर हर्नियासाठी आलेला माणूस जिवानिशी जाऊ शकतो. मला भीती वाटली आणि संतापही आला.

"सर, हात काढा," मी म्हटलं.

बॅग परत घेतली. सिस्टरला आजोबांचे गाल दोन्ही हातांनी मास्कच्या कडांशी दाबून धरायला लावले. हलके हलके श्वास देत राहिले. छाती जेमतेम हलत होती, ओठ निळे पडत चालले होते. आयाला कवळी आणायला पिटाळलं. ती दाराबाहेर बसलेल्या त्यांच्या बायकोने, आजीबाईंनी, पदरात बांधून ठेवलेली, आणि त्या काही गाठ सोडेनात.

"बेहोश माणसाले दात कायले पायजे? जेवू घालता का त्यायले?" दाराबाहेरून आवाज आला.

"आजी, दाताबिगर हवा जाऊन नाई राह्यली. द्या लवकर," मी आतूनच सांगितलं.

कवळी धुऊन बसवली. गाल भरले, मास्क टेकला, छाती वर आली. ओठांचा निळेपणा गेला. मग कवळी काढली आणि या खेपेला श्वासनलिकेत नळी बसली. दुसऱ्या बारीक नळीने पोटातली हवा आणि पाणी ओढून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. आजोबा चार दिवसांनी चालत घरी गेले.

तेव्हापासून मी कवळी शेवटपर्यंत तोंडात राहू देते, नळी घालायच्या वेळीच काढते. आणि बॅग दुसऱ्याच्या हातात देत नाही, मग दवाखाना त्याच्या बापाचा का असेना.